रिफंड कोणाचा आणि सही कोणाची?

जून महिना लागला की सरकारी, निमसरकारी कचेऱ्यांतून, बँकांतून, कारखान्यांच्या टाइम ऑफिसातून एकच विचारणा सुरू होते. फॉर्म १६ आला का? पंधरा जूनपर्यंत तो नोकरदाराच्या हाती पडावा असा नियम आहे. तो पडला की जेवणाच्या सुट्टीत एक गृहस्थ हमखास उगवतात. हातात रेक्झिनची बॅग, खिशात दोन मोबाइल आणि बोलणे मधाळ. "साहेब, गेल्या वर्षी किती रिफंड आला? काहीच नाही? अहो, तुमच्या पलीकडच्या टेबलावरच्या साहेबांना चाळीस हजार मिळाले की! तुम्ही फक्त पॅन आणि पासवर्ड द्या. बाकी आमच्यावर सोडा."

आणि आपली माणसे सोडतात.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. आपल्या समाजातील नोकरदार वर्ग हा बहुतांशी पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीचा. वडील गिरणीत, रेल्वेत खलाशी, नाहीतर गावी दुसऱ्याच्या बांधावर राबणारे. त्यांच्या घरात प्राप्तिकराचा कागद येण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या घरांत तीन पिढ्या दुकानदारी वा वकिली चालली, तिथे घरचा सी.ए. असतो, जसा घरचा डॉक्टर असतो. आपल्या घरी तो नाही. त्यामुळे पदवीधर, अधिकारपदावर बसलेला माणूसही या एका बाबतीत कचेरीच्या कँटीनमध्ये भेटलेल्या इसमाच्या हवाली होतो. भाजी घेताना चार दुकाने फिरणारे आपण, वर्षभराच्या कमाईचा हिशेब सरकारला कोण सांगणार आहे याची साधी चौकशी करीत नाही.

आमच्या वसाहतीतील एका बंधूंचे उदाहरण सांगतो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. एका निमसरकारी आस्थापनेत ते वरिष्ठ तंत्रज्ञ आहेत. स्वभावाने सरळ, चहाचे पैसेही कोणाचे ठेवणार नाहीत. २०२४ च्या जुलैमध्ये त्यांनी अशाच एका गृहस्थाकडून २०२३-२४ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र भरले. खात्यात एकेचाळीस हजार सहाशे रुपये रिफंड आला. त्याचे वीस टक्के, म्हणजे आठ हजार तीनशे वीस रुपये, त्या गृहस्थाने रोख घेतले. पावती नाही. पुढल्या वर्षी घर घेण्यासाठी त्यांनी बँकेत अर्ज केला. बँकेने विवरणपत्राची संपूर्ण प्रत मागितली. ती मिळवायलाच पंधरा दिवस गेले, कारण पासवर्ड त्या गृहस्थाकडे. प्रत हाती आली तेव्हा ती प्रथम वाचली वहिनींनी. त्यात एका राजकीय पक्षाला एक लाख रुपये देणगी दाखवली होती. पक्षाचे नाव घरात कोणी ऐकलेले नव्हते. आईवडिलांच्या आरोग्यविम्याचा हप्ता पन्नास हजार. आईवडील दोघेही हयात नाहीत. शैक्षणिक कर्जावरील व्याज पन्नास हजार. कर्ज कधी काढलेच नव्हते.

वहिनी एवढेच म्हणाल्या, "अहो, मुलीच्या क्लासची फी आपण तीन हप्त्यांत भरली. मग पक्षाला एक लाख कधी दिले?"

या प्रश्नाला बंधूंकडे उत्तर नव्हते. ते म्हणत, "मी सही केली नाही, त्यानेच भरले." इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. विवरणपत्राची पडताळणी मोबाइलवर आलेल्या ओटीपीने होते. तो ओटीपी त्यांनी फोनवरून सांगितला होता. ओटीपी म्हणजेच सही. कागद भरणारा कोणीही असो, त्यातील मजकूर खरा आहे अशी ग्वाही करदात्याने दिलेली असते. उद्या विचारणा झाली तर ती करदात्यालाच होणार. रेक्झिनची बॅग तोवर दुसऱ्या कँटीनमध्ये गेलेली असते.

हे एकट्यादुकट्याचे प्रकरण नव्हे. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने देशभर १५० ठिकाणी तपासणीची मोहीम घेतली. महाराष्ट्र, तामिळनाडू, दिल्ली, गुजरात, पंजाब, मध्य प्रदेश या राज्यांत खोट्या वजावटी दाखवून विवरणपत्रे भरणारे मध्यस्थ सापडले. घरभाडे, देणग्या, शैक्षणिक कर्ज, आरोग्यविमा, गंभीर आजारावरील खर्च, राजकीय देणगी, सगळ्यांच्या नावाने वजावटी लावलेल्या. लाभ घेणाऱ्यांत बहुराष्ट्रीय कंपन्यांचे, सार्वजनिक उपक्रमांचे, सरकारी संस्थांचे आणि शिक्षणसंस्थांचे कर्मचारी होते. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे आपणहून मागे घेतले होते, असे खात्याने त्याच वेळी जाहीर केले. डिसेंबर २०२५ मध्ये खात्याने पुन्हा देणग्यांच्या खोट्या वजावटी घेतलेल्यांना एस.एम.एस. आणि ई-मेल पाठवून दुरुस्ती करण्यास सांगितले.

आता या व्यवहाराचा हिशेब मांडू. आम्ही कारकून माणसे. आकडा मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. बंधूंचे जुन्या पद्धतीने खरे करपात्र उत्पन्न होते आठ लाख. दोन लाखांच्या खोट्या वजावटीने ते सहा लाख दाखवले. त्या टप्प्यावर कर वीस टक्के आणि वर चार टक्के उपकर. म्हणून फरक एकेचाळीस हजार सहाशेचा. चोरी पकडली गेली असती तर ही रक्कम व्याजासह परत करावी लागली असतीच, शिवाय उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याबद्दल बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंडाची तरतूद १९६१ च्या कायद्याच्या कलम २७०ए मध्ये आहे. म्हणजे आणखी त्र्याऐंशी हजार दोनशे. खोट्या निवेदनाबद्दल खटल्याचीही तरतूद आहे. आणि सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला दंडापेक्षाही भीती असते ती आपल्या सेवेच्या नोंदीवर डाग पडण्याची. राखीव जागेवर लागलेल्या माणसाच्या लहानशा चुकीकडेही कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

वहिनींच्या आग्रहाने बंधू एका सी.ए.कडे गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये अद्ययावत विवरणपत्र भरले. ही सोय २०२२ पासून आहे आणि तिची मुदत २०२५ मध्ये वाढवून संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून चार वर्षांची करण्यात आली. पहिल्या वर्षात भरले तर कर व व्याज यांवर पंचवीस टक्के जादा भरावे लागतात. दुसऱ्या वर्षात पन्नास, पुढे साठ आणि सत्तर. बंधूंना मूळ रकमेवर व्याज आणि कराच्या पाव हिश्शाप्रमाणे दहा हजार चारशे रुपये वर पडले. व्याजावरचा जादा भरणा वेगळा. कमिशनचे आठ हजार तर गेलेच होते. ज्या वाचकांच्या बाबतीत असे काही घडले असेल त्यांनी नोटिशीची वाट न पाहता हा मार्ग धरावा. जितका उशीर तितका भुर्दंड.

पाटीवर काय लिहिले आहे?

आपल्या शहरांतून "कर सल्लागार" अशा पाट्या पुष्कळ दिसतात. ही पाटी लावण्यास कोणताही सरकारी परवाना लागत नाही. दुसऱ्याचे विवरणपत्र भरून देण्यासही लागत नाही. कोणीही संगणकावर बसून भरू शकतो. परंतु प्राप्तिकर अधिकाऱ्यासमोर तुमच्या वतीने कोण उभे राहू शकतो, हे मात्र कायद्याने ठरवलेले आहे. १९६१ च्या कायद्याच्या कलम २८८ मध्ये त्याची यादी आहे. तुमचा नातेवाईक, तुमचा नोकर, वकील, चार्टर्ड अकाउंटंट, आणि विहित पात्रता असलेला प्राप्तिकर प्रॅक्टिशनर. वाणिज्य किंवा कायद्याची पदवी असलेल्यास या शेवटच्या वर्गात जागा मिळू शकते. (आम्ही स्वतः बी.कॉम. आहोत. परंतु पदवी मिळून पंचवीस वर्षे होत आली आणि कायदा दरवर्षी बदलतो. तेव्हा आमच्याकडे कोणी कागद घेऊन आले तर आम्ही चहा देतो आणि योग्य माणसाकडे पाठवतो.)

जी.एस.टी. प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी असणे ही वेगळी गोष्ट. ती नोंदणी जी.एस.टी.पुरती आहे. दुकानदार बंधूंची तिथे गल्लत होते.

चार्टर्ड अकाउंटंट ही मात्र १९४९ च्या कायद्याने बांधलेली पदवी आहे. सभासद नसताना कोणी स्वतःस सी.ए. म्हणवून घेतले तर तो गुन्हा ठरतो. प्रत्येक सी.ए.ला सहा आकडी सभासद क्रमांक असतो. तो विचारण्यात संकोच कसला? इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संकेतस्थळावर सभासदाचा शोध घेण्याची सोय आहे. नाव खरे आहे की नाही, स्वतंत्र व्यवसाय करण्याचा दाखला आहे की नाही, हे पाहून घ्यावे. दवाखान्याच्या भिंतीवर आपण डॉक्टरची पदवी वाचतोच ना!

याचा अर्थ प्रत्येकाने सी.ए.च शोधावा असा नाही. अनेक जुने कर प्रॅक्टिशनर निष्ठेने काम करतात आणि गरिबाकडून माफक फी घेतात. उलट सी.ए.ची पाटी पाहून गेलात आणि प्रत्यक्षात काम तिथल्या नवशिक्या मुलाने घाईत उरकले, असेही होते. पदवी ही पहिली चौकशी, शेवटची नव्हे.

मग माणूस ओळखावा कसा? आमचे मत असे की तो पहिल्या भेटीत काय विचारतो यावरून ओळखावा. चांगला माणूस आधी कागद मागतो. फॉर्म १६ कुठे आहे, बँकेत ठेव किती, व्याज किती, वर्षात नोकरी बदलली का, शेअर विकले का, गावी जमीन आहे का, पत्नीच्या नावावर काय आहे, असे तो खोदून खोदून विचारतो. कधी कधी रागही येतो, की हा आपल्या घरात किती डोकावतो! पण त्याचे ते कामच आहे. पोर्टलवरील वार्षिक माहिती विवरणपत्र, ज्याला ए.आय.एस. म्हणतात, ते तो उघडून तुमच्यासमोर ताडून पाहतो. २०२१ पासून या विवरणात तुमच्या बँकेचे व्याज, लाभांश, म्युच्युअल फंडाची विक्री, मोठी खरेदी हे सगळे खात्याला आपोआप कळते. जो माणूस कागद पाहण्यापूर्वीच रिफंडचा आकडा सांगतो, त्याला नमस्कार करून उठावे.

दुसरी खूण फीची. रिफंडच्या टक्केवारीवर फी मागणारा सी.ए. स्वतःच्याच व्यवसायाचा नियम मोडतो. कामाच्या निकालावर किंवा टक्केवारीवर फी घेणे हे, नियमांत दिलेले मोजके अपवाद सोडता, चार्टर्ड अकाउंटंटच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन ठरते. सी.ए. नसलेल्याला हा नियम लागू नाही, परंतु त्यामागचे शहाणपण लागू आहेच. ज्याची कमाई तुमच्या रिफंडवर अवलंबून आहे, त्याला तो फुगवण्याचा मोह होणारच. फी कामाची असावी, आधी ठरलेली असावी आणि तिची पावती मिळावी.

कचेरीतल्याच एखाद्या सहकाऱ्याने फावल्या वेळात हा धंदा मांडलेला असतो, त्याबद्दलही लिहिले पाहिजे. आपल्याच माणसाला नाही कसे म्हणायचे, असा पेच पडतो. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत आणि परवानगीवाचून खाजगी धंदा करण्यास त्यांत मनाई आहे. मित्र म्हणून फॉर्म भरून दिला तर ठीक. पैसे घेऊन दोनशे जणांचे भरत असेल, तर तो स्वतःही अडचणीत येईल आणि त्याच्या यादीतले दोनशे जणही. अशा मध्यस्थांपैकी एक सापडला की खाते त्याच्या यादीतील प्रत्येकाकडे वळते.

किल्ली आपल्याच हाती

२०२५ च्या तपासात एक गोष्ट उघडकीस आली, ती फार महत्त्वाची आहे. या मध्यस्थांनी केवळ विवरणपत्रे भरण्यासाठी तात्पुरते ई-मेल पत्ते उघडले होते. काम झाले की ते पत्ते बेवारस. पुढे खात्याने त्या पत्त्यांवर पत्रे पाठवली, ती कोणी उघडलीच नाहीत. करदाता घरी निवांत, आणि त्याच्या नावाच्या नोटिशी एका बंद पेटीत साठत असलेल्या!

म्हणून आज संध्याकाळी एक काम करावे. मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवावे, प्राप्तिकराच्या पोर्टलवर जावे आणि आपल्या नावापुढे कोणता मोबाइल आणि कोणता ई-मेल नोंदला आहे ते पाहावे. तुमचा नसेल तर बदलून घ्यावा. पासवर्ड विसरला असेल तर आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून नवा घेता येतो. पासवर्ड बदलावा आणि तो फक्त घरात राहावा. सल्लागाराला काम करण्यासाठी द्यावा लागला तर काम संपताच बदलावा. तुमचा सल्लागार प्रामाणिक असेल तर त्याला याचा राग येणार नाही.

विवरणपत्र पाठवण्यापूर्वी त्याची संपूर्ण प्रत मागून वाचावी. इंग्रजी अडत असेल तर निदान आकडे वाचावेत. फॉर्म १६ मध्ये नसलेली एखादी वजावट दिसली की "ही कुठून आली?" असा एकच प्रश्न विचारावा. पडताळणीचा ओटीपी त्यानंतरच द्यावा. ही पडताळणी विवरणपत्र भरल्यापासून तीस दिवसांत करायची असते. ती राहिली तर सगळी मेहनत वाया. शेवटी पोचपावती, विवरणपत्राची प्रत आणि उत्पन्नाच्या गणनेचा कागद, ही तीन कागदपत्रे सल्लागाराकडून घेऊन घरच्या फाइलीत लावावीत. नुसती एक पानाची पोचपावती पुरेशी नाही. त्यात वजावटीचा तपशील नसतो, आणि बंधूंची फसगत तिथेच झाली.

खात्याकडून आलेल्या प्रत्येक कागदाने हादरून जाण्याचेही कारण नाही. कलम १४३(१) ची सूचना जवळजवळ सर्वांना येते. तुम्ही सांगितलेला आकडा आणि खात्याने काढलेला आकडा शेजारी शेजारी मांडलेले असतात, एवढेच. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर एक ओळख क्रमांक असतो आणि तो पोर्टलवर तपासता येतो. भीती घालून पैसे उकळणारे खोटे निरोपही हल्ली फिरतात, तेव्हा हे तपासणे बरे.

पैसे देण्याची गरज आहे का?

इथे आम्ही सल्लागारांची नाराजी पत्करून लिहितो. आपल्या अनेक बंधूभगिनींना सल्लागाराची गरजच नाही. एकच नोकरी, एकच घर, बँकेचे थोडे व्याज आणि एकूण उत्पन्न पन्नास लाखांच्या आत असेल तर विवरणपत्राचा पहिला आणि सर्वांत सोपा नमुना चालतो. पोर्टलवर त्यातील बहुतेक रकाने आधीच भरलेले येतात. ते ताडून पाहायचे आणि पाठवायचे. भरण्याची फी नाही. महाविद्यालयात जाणारी मुलगी अर्ध्या तासात वडिलांचे विवरणपत्र भरू शकते, आणि एकदा भरले की तिलाही पुढे आयुष्यभर कोणाची भीती वाटणार नाही.

शिवाय २०२३-२४ पासून नवी करपद्धती हीच मूळ पद्धती मानली जाते. तिच्यात दर कमी आहेत, पण घरभाडे, ८०सी, ८०डी या वजावटी मिळत नाहीत. २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी या पद्धतीत बारा लाखांपर्यंत करपात्र उत्पन्नावर कर शून्य होतो, आणि पगारदारास पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट धरता बारा लाख पंचाहत्तर हजारांच्या पगारापर्यंत. शेअर किंवा जमीनविक्रीच्या नफ्याला ही सूट तशी लागू होत नाही, हे ध्यानात ठेवावे. म्हणजे ज्या लिपिकाला, शिक्षिकेला, परिचारिकेला कायद्यानेच कर बसत नाही, तिच्या नावावर खोटी देणगी दाखवून कोणाचे भले होणार? १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्याआधीच्या उत्पन्नाचा हिशेब १९६१ च्या कायद्यानेच. ज्या सल्लागाराला हा फरक नीट सांगता येत नाही त्याचा अभ्यास थांबला आहे असे समजावे.

मात्र काही वर्षे अशी येतात की जाणकाराची फी आनंदाने द्यावी. वेतनाची थकबाकी एकदम मिळाली तर त्या वर्षी कर फुगतो. जुन्या वर्षांत ती वाटून सवलत मिळते, पण त्यासाठी फॉर्म १०ई विवरणपत्राच्या आधी भरावा लागतो. न भरता सवलत घेतली तर ती नाकारली जाते. एका वर्षात दोन नोकऱ्या केल्या तर दोन्ही मालक प्रमाणित वजावट आणि करमुक्त मर्यादा देऊन बसतात आणि शेवटी कर कमी कापलेला निघतो. निवृत्तीचे वर्ष तर विशेषच. सरकारी कर्मचाऱ्याचे उपदान, अंशराशीकरणाची रक्कम आणि निवृत्तीच्या वेळची रजेची रक्कम करमुक्त असते. खाजगी नोकरदारास मर्यादा आहेत.

आणि घर वा जमीन विकली तर एकट्याने धाडस करू नये. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याचा दर साडेबारा टक्के झाला आणि महागाईचा निर्देशांक गेला. पण त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घर-जमिनीसाठी निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने, निर्देशांकासह वीस टक्के, हिशेब करून जो कर कमी येईल तो भरण्याची मुभा आहे. चांगला सल्लागार दोन्ही हिशेब कागदावर मांडून दाखवतो. गावाकडील शेतजमीन शहराच्या हद्दीपासून ठराविक अंतराबाहेर असेल तर तिच्या विक्रीवर हा करच लागत नाही. वाडवडिलांचा तुकडा विकून चार भावांत वाटणी करणाऱ्या कुटुंबांनी हे आवर्जून विचारून घ्यावे.

भगिनींसाठी दोन गोष्टी. पती निवर्तल्यावर त्या वर्षीचे त्यांचे विवरणपत्र वारस म्हणून भरावे लागते आणि त्यासाठी पोर्टलवर वारसाची नोंद करता येते. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही आणि त्याच काळात "मी सगळे बघतो वहिनी" म्हणणारे पुढे येतात. त्यांच्याबरोबर घरातले एक शिकलेले माणूस असू द्यावे. दुसरी गोष्ट, कुटुंब निवृत्तिवेतन हे पगार म्हणून नव्हे, इतर उत्पन्न म्हणून दाखवायचे असते. त्यावर एक तृतीयांश किंवा ठराविक रक्कम, यांपैकी कमी असेल ती वजा होते. ही ठराविक रक्कम जुन्या पद्धतीत पंधरा हजार आणि नव्या पद्धतीत २०२४-२५ पासून पंचवीस हजार आहे. अनेक भगिनींच्या विवरणपत्रात ही वजावट घेतलेलीच नसते, कारण भरणाऱ्याने कागद पाहिलेला नसतो.

शेवटी विहारांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या कार्यकर्त्यांशी थोडे बोलायचे आहे. मार्च महिन्यात खजिनदारांकडे विनंत्या येतात. "पाच हजार घ्या आणि पन्नास हजारांची पावती द्या." मागणारे परके नसतात. वर्षभर कार्यक्रमाला राबणारे असतात, कोणी नात्यातले असतात. सल्लागारानेच त्यांना पाठवलेले असते.

मुळात प्रत्येक संस्थेच्या पावतीवर वजावट मिळत नाही. संस्थेस कलम ८०जी खाली मान्यता असावी लागते. विशिष्ट धर्माच्या वा जातीच्या हितासाठी असलेल्या संस्थेस ती मिळत नाही. मात्र अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच्या संस्थेला हा अडसर लागू नाही, असे कायद्यातच स्पष्ट केलेले आहे. वसतिगृह, वाचनालय, शिष्यवृत्ती चालवणाऱ्या आपल्या संस्थांनी मान्यतेसाठी जरूर प्रयत्न करावेत. मान्यता मिळाली की जबाबदारीही येते. दोन हजारांवरील रोख देणगीवर देणाऱ्याला वजावट मिळत नाही. २०२१-२२ पासून संस्थेने प्रत्येक देणगीदाराचे नाव आणि रक्कम फॉर्म १०बीडी मध्ये खात्याला कळवायची असते आणि देणगीदाराला फॉर्म १०बीई चा दाखला द्यायचा असतो. पन्नास हजारांची पावती फाडली तर बँकेत पन्नास हजार दिसले पाहिजेत. नाही दिसले तर एका देणगीदाराचा रिफंड जाईल, पण संस्थेची मान्यता गेली तर वसतिगृहातल्या मुलांचे काय?

एका खजिनदारांनी यावर साधा उपाय केला आहे. त्यांनी कार्यालयात फलक लावला, की देणगी धनादेशाने किंवा बँकेतूनच घेतली जाईल आणि पावती तेवढ्याच रकमेची मिळेल. पहिल्या वर्षी चारपाच जण रुसले. दोन देणगीदार गेले ते परत आले नाहीत. खजिनदार म्हणतात, त्यांची देणगी तशीही पाच हजारच होती.